दोन बोटं लिव्हर

कुसुमच्या पोटावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घ्यावासा वाटला. उजव्या बरगडीखाली लिव्हर लागत होतं. दोन बोटं. अकरा महिन्यांची पोर, अंगात स्वच्छ धुतलेलं झबलं, आणि पोटात ही टणक कड.

लिव्हर म्हणजे यकृत. ते बरगड्यांच्या आड असतं. लहान मुलांत त्याची कड जराशी हाताला लागते, पण मऊ लागते. ते वाढलं की खाली उतरतं आणि आम्ही डॉक्टर ते बरगडीपासून बोटांनी मोजतो. कुसुमची कड पातळ आणि कडक होती. अशी कड मी आधी एकदाच दिवसेंदिवस तपासली होती, तिच्या थोरल्या भावाची. दोन बोटांपासून पाच बोटांपर्यंत मी ती मोजत गेलो. मग त्याचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, आणि दीड वर्षाचा होऊन तो गेला.

कुसुमची आई, अनसूयाबाई, पोटाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तेच हाय का, डॉक्टरसाहेब?"

"आत्ताच काही सांगता येत नाही," मी म्हणालो. डॉक्टर असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला सगळं सांगता येत असतं.

ही गोष्ट नांदेडची. निजामाच्या अमलाची शेवटची काही वर्षं आणि वर महायुद्ध. मी सरकारी दवाखान्यात असिस्टंट होतो, सत्तावीस वर्षांचा, आणि स्वतःला बराच हुशार समजत होतो. रजिस्टर उर्दूत लिहायचं असे. कुसुमच्या नावापुढे मी 'वरम-ए-जिगर' लिहिलं, म्हणजे यकृताची सूज. कारणाचा रकाना कोरा ठेवला. तिच्या भावाच्या वेळीही तो कोराच होता.

आम्हाला शिकवलेली कारणं मोजकी होती. दारू, हिवताप, जुना आमांश आणि आईबापांकडून आलेली गरमी, म्हणजे गुप्तरोग. भावाच्या वेळी मी मुलांच्या वडिलांना, भालचंद्रराव वकिलांना, हे सगळं इमानेइतबारे विचारलं होतं.

"घरात कुणी घेतं का?"

"काय घेतं?"

"दारू. सिंदी."

वकीलसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "डॉक्टर, आमच्या घरात चहासुद्धा दोघंच घेतात."

गरमीचा प्रश्न मी त्या दिवशी गिळला. दोन दिवसांनी धीर करून विचारला, आणि पुढे महिनाभर ते माझ्याशी कंपाउंडरमार्फत बोलले.

डोकं चालेना ते यासाठी, की दवाखान्याच्या मागच्या वस्तीत रोज सिंदी पिणारे बाप ढिगानं होते. त्यांची पोरं हिवतापानं यायची, खरुजेनं यायची, जुलाबानं यायची. ही कडक कड त्यांच्यात मला सापडत नव्हती. ती सापडायची वकिलाकडे, सराफाकडे, शाळामास्तराकडे. जिथे दारात गाय आणि देवघरात समई. निर्व्यसनी माणसाच्या बाळाला दारुड्याचं लिव्हर कुठून येतं?

मी आमच्या सिव्हिल सर्जनना विचारलं. हैदराबादकडचे वयस्कर गृहस्थ, बोलायला फार मऊ.

"बरखुर्दार, ये खाते-पीते घरों के बच्चों की बीमारी है," ते म्हणाले. "क्यों है, खुदा जाने. हल्का खाना दो. दूध दो."

मग मी दुधाचा हुकूम सोडला. आईचं दूध आटलं होतं, त्यामुळे कुसुम गाईच्या दुधावरच होती. मी म्हणालो, दिवसातून पाच वेळा द्या, उकळून द्या, आणि सकाळी तापवलेलं दूध दिवसभर वैलावर ठेवा म्हणजे नासणार नाही. वैल म्हणजे चुलीच्या बाजूची मंद आच. शिवाय एक मिक्श्चर दिलं. कडू औषधावर लोकांचा विश्वास बसतो, म्हणून ते जरा जास्तच कडू केलं.

आठ दिवसांनी मी वकिलांच्या घरी गेलो. दारातच कल्हईवाला बसला होता. पितळी भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. कुसुमची आजी, माई, त्याच्याशी हुज्जत घालत होत्या.

"कथील मिळंना झालंय, आई," तो म्हणत होता. "जंग चालू हाय. चार भांड्यांपुरतंच हाय बघा."

"मग आमटीच्या अन् ताकाच्या भांड्याला लाव. आंबट त्याच्यातच कळकतंय. दुधाच्या तपेलीला ऱ्हाऊ दे, दुधाला काय होतंय?"

नवसागराचा धूर नाकात गेला. मी कल्हईवाल्याचा भाता ओलांडून आत गेलो. हे मला आज इतकं नीट आठवतं, याचा मला रागच येतो.

आत अनसूयाबाई दुधाची तपेली घासत होत्या. चिंच आणि राख लावून त्यांनी ती अशी उजळली होती की तिच्यात तोंड दिसावं. माहेरून आलेली तपेली होती. मी त्यांची तारीफ केली. "अशी स्वच्छता सगळ्या घरांत असती तर मला निम्मं काम उरलं नसतं," असं म्हणालो.

"पण डॉक्टरसाहेब, दुधाला जरा कसलातरी वास येऊन..."

"गाय काय खाते ते बघा," मी म्हणालो आणि कुसुमच्या पोटावर हात ठेवला. अडीच बोटं.

महिन्याभरात तीन झाली. पोर चिडकी झाली, अन्नाला तोंड लावेना, हातपाय काड्या आणि पोट नगारा. डोळे मात्र अजून पांढरे होते. रोज सकाळी अनसूयाबाई पोरीला उजेडात नेऊन तिच्या पापण्या उचलून बघत. डोळे पिवळे झाले की परतीची वाट नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर," वकीलसाहेब मला म्हणाले. आता ते थेट बोलत होते. "कारण तरी सांगा, नाहीतर जमत नाही म्हणा. मी हैदराबादला नेतो."

"हैदराबादलाही दूधच द्यायला सांगतील," मी म्हणालो. हे खरं होतं.

तेवढ्यात त्यांच्या गल्लीत उंदीर पडायला लागले. प्लेग. त्या काळी उंदीर मेले की माणसं घराला कुलूप लावून माळावर झोपड्यांत जायची. वकिलांचं बिऱ्हाड मुदखेडच्या रस्त्याला एका माळावर गेलं. मी टोचणीच्या कामात असा अडकलो की कुसुमकडे दोन महिने जाणं झालं नाही. खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं. एक लिव्हर पाच बोटांपर्यंत मोजून झालं होतं, दुसरं मोजायची हिंमत नव्हती.

शेवटी त्याच माळावर लस टोचायला जावं लागलं. कुसुम झोपडीच्या तोंडाशी बसून मातीत खेळत होती. मी हात ठेवला. पुन्हा ठेवला. दीड बोट, आणि कड जरा मऊ.

"औषध चालू आहे ना?" मी ऐटीत विचारलं.

"न्हाई, डॉक्टरसाहेब," अनसूयाबाई म्हणाल्या. "बाटली घरातच ऱ्हायली. घराला कुलूप हाय."

माझा चेहरा बघून वकीलसाहेबांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मी झोपडीत नजर फिरवली. कुडाच्या भिंती, वारा आरपार, एक कांबळं, तीन दगडांची चूल, तिच्यावर दुधाचं मडकं. चोरांच्या भीतीनं माईंनी चांगली भांडी बरोबर आणलीच नव्हती. बाहेर तीच गाय बांधलेली. पोरीला बरं वाटण्यासारखं इथे काय होतं, मला कळेना.

प्लेग ओसरला, मंडळी घरी आली. दोन महिने झाले नाहीत तोच लिव्हर पुन्हा अडीच बोटांवर.

त्या दिवशी मी वकिलांच्या ओसरीवर बसून राहिलो. घरी वाढतं, माळावर उतरतं. हवेनं? उन्हानं? औषध नव्हतं म्हणून? मला काही म्हणजे काही समजत नव्हतं. म्हणून मी आयुष्यातलं सर्वांत अडाणी प्रिस्क्रिप्शन दिलं.

"झोपडीत जे जे होतं ते सगळं परत आणा. परसात कुडाची झोपडी बांधा. तेच कांबळं, तीच तीन दगडांची चूल, तेच मडकं. माझं औषध बंद."

"प्लेग पण आणू का?" वकीलसाहेब म्हणाले.

"ही काय डॉक्टरकी हाय?" माई आतून म्हणाल्या. "हे तर देवऋषी पण सांगंल."

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी मजूर लावून झोपडी उभी केली. चार महिन्यांनी कुसुमचं लिव्हर बरगडीच्या आड गेलं. डोळे शेवटपर्यंत पांढरे राहिले. पोर जगली.

मी सिव्हिल सर्जनना मोठा रिपोर्ट लिहिला. निष्कर्ष एकच: मोकळी हवा.

पुढे माझी बदली लातूरला झाली. तिथल्या अडत बाजारातल्या घरांतून तशीच मुलं यायला लागली. मी छातीठोकपणे सांगायचो, मळ्यात न्या, हवापालट करा. त्यातली काही वाचली, काही गेली. का ते कळत नव्हतं. एका व्यापाऱ्यानं तर मुलासाठी मळ्यात नवी झोपडी बांधली आणि आचाऱ्यासकट सगळा संसार गाडीत घालून पाठवला. ती बैलगाडी मी दवाखान्याच्या दारातून जाताना बघितली. वर पितळी भांड्यांची उतरंड उन्हात चमकत होती. ते मूल दिवाळीच्या आत गेलं, आणि मी बापाला सांगितलं, हवा लवकर बदलायला हवी होती.

निवृत्तीनंतर एका व्याख्यानाला गेलो होतो. मुलांचे तरुण डॉक्टर होते. ते सांगत होते की बाळांच्या या लिव्हरच्या रोगात यकृतात तांबं साठलेलं सापडतं. आणि ते येतं कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधातून. पितळेतही बरंचसं तांबंच असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गरिबाघरचं मूल आईच्या अंगावर पीत होतं, त्याचं वरचं दूध मडक्यात नाहीतर जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यात तापत होतं. आणि ज्याच्या घरात पितळ घासून लखलखत होतं, त्याला मी पाच वेळा दूध लिहून देत होतो.

पुढच्या आठवड्यात मी नांदेडला गेलो. वकीलसाहेब आणि माई कधीच गेले होते. अनसूयाबाई सत्तरीला टेकल्या होत्या. कुसुम हायस्कुलात मास्तरीण होती आणि सुट्टीत आईकडे आली होती. सांगावं की नाही, या विचारात मी चहाचा कप गार केला. पहिल्या मुलाचं आता या वयात त्यांना कशाला सांगायचं? पण राहवेना.

"अनसूयाबाई, कुसुम हवेनं बरी झाली नव्हती."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तपेलीनं होतं ते. माळावर पोरीला पाजायच्या आधी मी मडक्यातलं दूध चाखून बघायची. तो वास नव्हता त्याला. घरी आलो तर पुन्हा आला. तुम्ही परसात झोपडी बांधायला लावली तवा मडकं परत आलं, मग मी ते सोडलंच न्हाई. तपेली न्हाणीत टाकली. गल्लीतल्या बायांना पण सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी हसलं."

"अहो, मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की," त्या सहज म्हणाल्या. "तुम्ही म्हणले, गाय काय खाते ते बघा."

मला शरम वाटली. लातूरची बैलगाडी डोळ्यांपुढून हलेना.

"थोरल्याच्या वेळी रोज मीच घासायची ती," त्या म्हणाल्या. "चिंच लावून. लई लखलखीत."

"आणि दूध वाढवायला मी सांगत होतो."

"हाव," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कुसुमला हाक मारून माझा चहा पुन्हा गरम करायला सांगितला.

आता घराघरांत स्टीलची भांडी आली आणि तो रोग दिसेनासा झाला. लिव्हर बिघडवायला दारू आहे, खराब पाणी आहे, न उकळलेली सुई आहे. नवा डॉक्टर भेटला की मी त्याला सांगतो, हे सगळं विचारा, पण पेशंटची आई काही सांगायला लागली तर पोटावर हात ठेवायची घाई करू नका. आधी तिचं वाक्य पुरं होऊ द्या.