घंटाकाकांचा होकार

आमच्या नाट्यगृहात तिसरी घंटा वेळेवर झाल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचं सगळं श्रेय घंटाकाकांचं. पडदा आणि घंटा दोन्ही त्यांच्याकडे. दुसरी घंटा दिली की ते पडद्याच्या फटीला डोळा लावून उभे राहायचे. प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर एखादी आजी चाचपडत असली, तर ती खुर्चीत टेकेपर्यंत तिसरी घंटा नाही. मग खाकरून बटण दाबायचे. निर्माता घड्याळ दाखवत मागे नाचायला लागला तर म्हणायचे, "अहो, नाटक तुमचं आहे, गुडघे त्यांचे आहेत."

मी तिथली व्यवस्थापक. कोणत्या प्रयोगाला कोणाची ड्यूटी, हे लावायला आम्ही सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा माझी कटकट संपली आणि काकांची सुरू झाली. त्यातल्या कामांमध्ये दार होतं, ध्वनी होता, प्रकाश होता, घंटा नव्हती. मी त्यांना 'इतर'मध्ये घातलं. मोबाइलवर ते बघून काका म्हणाले, "जन्मभर घंटा दिली आणि शेवटी इतर. बरं झालं, कळलं तरी."

पण त्यातली एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली. रविवारी सकाळी मोबाइल विचारायचा, 'येणार का?' चहा घेताना काका 'हो' दाबायचे आणि माझ्याकडे त्यांच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. "येणार का, असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो," ते एकदा म्हणाले. "धरूनच चालले सगळे." आवाज नेहमीसारखा खवचट होता, पण डोळे नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर काका झोपेतच गेले. पुढच्या रविवारी त्यांचं नाव काढायला मी संगणक उघडला, तर नावापुढे हिरवी खूण.

धायरीला त्यांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. "मीच दाबलं," त्या म्हणाल्या. "चहा ठेवला होता आणि मोबाइल वाजला. ह्यांना विचारत होता. नाही कसं म्हणू?"

नाव तसंच ठेवलं. दर रविवारी खूण उमटायची. सॉफ्टवेअरच्या लेखी 'इतर'मधला माणूस हजर, म्हणून ते दुसरं कुणी देईना; घंटा मीच द्यायला लागले. विंगेत उभी राहिले की मागे कुणी खाकरल्याचा भास व्हायचा. मी कधी वळून पाहिलं नाही. भीती वाटायची, मागे कुणी नसेल याची.

परवाच्या रविवारी खूण आलीच नाही. दुपारभर काकूंना फोन लावत राहिले, कुणी उचलेना. संध्याकाळी दुसरी घंटा दिली आणि फटीला डोळा लावला. पायऱ्यांवर काकू होत्या. एकट्याच, कठडा धरून, जपून उतरत होत्या.

"मॅडम, तिसरी द्या ना!" निर्माता करवादला. मी बटणावर बोट ठेवून थांबले. काकू टेकल्या, पदर सावरला, मग घंटा दिली.

मध्यंतरात त्या मला भेटायला आल्या. पिशवीतून काकांचा मोबाइल काढला. "तुमचे फोन ऐकू येत होते. उचलला असता तर पुन्हा हो म्हटलं असतं." मग म्हणाल्या, "सकाळी हो म्हणते आणि संध्याकाळी दाराकडे बघत बसते. प्रयोग सुटला असेल, येतील आता, असं वाटत राहतं. वेड लागेल मला. काढा ह्यांचं नाव."

'नाही' मात्र त्यांनीच दाबलं. बराच वेळ अंगठा नुसता वर धरून ठेवला होता.

मी विंगेत आले. काकू पुन्हा पायऱ्या उतरून जागेकडे निघाल्या होत्या. त्या बसेपर्यंत मी थांबले. मागे कुणी खाकरलं नाही. मी बटण दाबलं.