कुदोसानांनी विचारलेला प्रश्न

कोळशाची खाण बंद झाली आणि आमच्या गावातली निम्मी घरं सापोरोला निघून गेली. तोकुजी कुदो मात्र राहिले. खाणीच्या सातशे मीटर खोल विहिरीत प्रयोगशाळा सुरू झाली होती आणि ती विहीर त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. वरून पेटी सोडायची. ती पडत असते ती दहा सेकंदं आतल्या कशालाच वजन नसतं. तेवढ्यात आत रसायनं मिसळायची, पेटवायची, कॅमेऱ्यानं टिपायची. पेट्या भरायला कुदोसान आणि मी.

"सव्वीस वर्षं मी इथे उतरलो, कुणी ढुंकून पाहिलं नाही," ते म्हणायचे. "ही पेटी दहा सेकंदं उतरते, तर टोकियोहून साहेब येतात!"

एका शरदात संशोधक हातानाकाबाई कोळशाची धूळ घेऊन आल्या. एरवी धूळ खाली बसते. वजन नसलं की ती हवेत सारखी तरंगत राहते, मग एका कणावरून दुसऱ्यावर ज्वाळा किती वेगानं जाते ते मोजता येतं. स्फोटांचा अभ्यास होता तो. कुदोसानांचा धाकटा भाऊ सेइकिची याच खाणीत स्फोटात गेला होता. मी म्हटलं, "आज मी एकटी भरते." पण धूळ त्यांनीच भरली.

संध्याकाळी पडद्यावर ज्वाळा संथपणे सरकताना दिसली. कुदोसान पुढे झाले.

"बाई, माणूस हिच्यापुढे पळू शकला असता का?"

"कुठे होता तो?"

"आतल्या बोगद्यात. त्यानं मला फोन केला, गॅसच्या मीटरचा काटा चढतोय, वर येऊ का? पाळीचा मुकादम मी. म्हटलं, दोन टेकू लावून घे, मग ये."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. गावात कुणालाच माहीत नव्हतं.

"फोननंतर किती वेळानं स्फोट झाला?" बाईंनी विचारलं.

"आठ मिनिटांनी."

तेव्हाच वर निघाला असता तर आठ मिनिटांत सेइकिची कितीतरी दूर पोचला असता.

"यासाठी प्रयोग कशाला हवा होता," कुदोसान स्वतःशीच म्हणाले आणि खाली बसले.

रविवारी ते म्हणाले, "मला आईकडे सोड." म्हातारी अठ्ठ्याऐंशीची, मुळे खारवत बसली होती. त्यांनी दारातच गुडघे टेकून सगळं सांगितलं. मी चपला न काढता तशीच उभी.

तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "एवढी वर्षं पोटात ठेवलंस ना? मग आणखी थोडं ठेवायचं होतंस. मी आता किती दिवसांची?"

"आई..."

"जा तू, तोकुजी."

त्या हिवाळ्यात दर रविवारी ते तिच्या छपरावरचं बर्फ काढायला जात. ते फावडं मारत असेपर्यंत दार बंद असायचं. फेब्रुवारीत ती गेली.

दहनानंतर आमच्याकडे घरचे लोक काड्यांनी अस्थी वेचतात, सुरुवात थोरल्यानं करायची. त्यांच्या बहिणीनं काड्या पुढे केल्या. कुदोसानांनी त्या घेतल्या नाहीत. दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून ते मागच्या रांगेत, शेजाऱ्यांमध्ये जाऊन उभे राहिले. "अहो, थोरले तुम्ही," मी हळूच म्हटलं. त्यांनी हात खिशातून काढले नाहीत.