मंगळअक्काचं दुसरं दार

पडदा खालून तपकिरी पडत चालला होता आणि अक्का त्याच्यापुढे उभी राहून गात होती. तो निळा पडदा माझ्या वडिलांनी रंगवलेला, म्हणून मी अक्काकडे न बघता पडद्याकडेच बघत होते. कापड करपताना कसं दिसतं हे रंगाऱ्याच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. मी आईला म्हटलं, "पडदा जळतोय." आई म्हणाली, "सुम्मने कूतको, गप बस. गाणं ऐकू दे."

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसुरात नाटक कंपन्या उतरायच्या. हा दुपारचा खेळ होता, पत्र्याच्या थिएटरात. बायकांची बाजू तट्ट्या लावून वेगळी केलेली. तिला दार एकच, आणि टवाळ पोरं आत घुसू नयेत म्हणून त्याला बाहेरून कडी. कडीशी बसप्पा नावाचा दारवान बसे. नाटक संपल्यावर मंगळ म्हणत, म्हणजे शेवटचं गाणं. ते कानावर पडलं की बसप्पा कडी काढायचा. त्याआधी आतून कितीही ठोका, तो हलत नसे. पोरं रडायची, बायका दार बडवायच्या, त्याला त्याची सवय झालेली होती.

मागे देखावा बदलेपर्यंत पडद्यापुढे एकटीनं गायचं, हे अक्काचं काम. ती बेळगावकडची. गाणी कन्नडात गायची, शिव्या मराठीत द्यायची. आवाज असा की पत्र्यावर पाऊस पडत असला तरी शेवटच्या रांगेला शब्द कळायचा. लोक राजा-राणीला बघायला येत नसत, दोन देखाव्यांच्या मधल्या तिला ऐकायला येत.

त्या दुपारी विंगेतून कंपनीच्या मालकाचा हात दिसला. गात राहा, अशी खूण करत होता. पडद्यामागे कुणी तरी पोत्यानं काही बडवत होतं. अक्कानं एकदा पडद्याच्या खालच्या काठाकडे पाहिलं, एकदा आमच्या बंद दाराकडे. आणि नाटक अर्ध्यावर असताना तिनं मंगळ सुरू केलं.

पेटीवाल्याचे हात थांबले. नाटक पुरं व्हायच्या आत मंगळ म्हटलं तर कंपनी मोडते, असं ते लोक मानत. अक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा वाजवू लागला. माझ्या मागची एक बाई म्हणाली, "अजून राजा मेला नाही, मंगळ कसलं?" पण मंगळ लागलं की उठायचं, ही सगळ्यांच्या अंगात भिनलेली रीत. सगळे उठले. कडी वाजली. बायका कुरकुरत, चपला शोधत, एकमेकींना वाट देत निघाल्या. कुणालाच काही ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी पळालं नाही. मला ठाऊक होतं. आईचा पदर मुठीत धरून मी मागे बघत होते. पडद्याला भोक पडलं, त्यातून जाळ आत-बाहेर करायला लागला. अक्का तेच कडवं पुन्हा म्हणत होती, कारण अर्ध्या बायका अजून आत होत्या. आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा पत्र्यांतून काळा धूर यायला लागला.

ती कशी बाहेर आली ते मी पाहिलं नाही. रस्त्यावर दिसली तेव्हा तिचे एका बाजूचे केस जळले होते.

मालकानं सगळीकडे सांगितलं, तिनं मंगळ म्हटलं म्हणून आग लागली. आमच्या अख्ख्या मंडी मोहल्ल्यानं ते मानलं. लोकांनी आधी मंगळ ऐकलं होतं आणि मग धूर पाहिला होता. विझवणारे मालकाच्या पगारावर होते, ते गप्प बसले. त्यानंतर एकाही कंपनीनं तिला उभं केलं नाही. वडिलांनी तिला आमच्या मागची, रंगाची पिंपं ठेवायची खोली दिली. तिथं ती साड्यांना फॉल लावत बसायची. मंगळअक्का हे नाव गल्लीनं तेव्हा ठेवलं, आणि ते मायेनं ठेवलेलं नव्हतं.

कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी विचारायची, "दुसरं दार कुठंय?" नसलं तर उंबऱ्यातच बसायची. शेजारी कुणाचा डोसा करपला तरी ती अनवाणी रस्त्यात येऊन उभी राही, तोंड राखेसारखं. तिला तसं बघून आम्ही पोरी घाबरायचो. हळदीकुंकवाला एक जण म्हणाली, "अक्का, गाऊ नका हं, घर आमचं स्वतःचं आहे." अक्का म्हणाली, "मग तू दार अडवून बसू नकोस." वाण घेतलं आणि गेली.

टी. नरसीपूरला माझं लग्न होतं. स्वयंपाकाच्या बाजूचं दार तांदळाच्या पोत्यांनी अडवलेलं अक्कानं पाहिलं. "पोती हलवा, मग अक्षता." माझे सासरे म्हणाले, "ही बाई कोण?" आई म्हणाली, "आमचीच. हलवा पोती." वरपक्षाची माणसं नव्या धोतरांत पोती ओढत होती आणि मुहूर्त थांबला होता.

एकदा तिला विचारलं, आग आग म्हणून ओरडली का नाहीस. म्हणाली, "ओरडले असते तर पुरुष त्यांच्या दारानं पळाले असते. तुम्ही एकमेकींना तुडवलं असतं, बंद दारापाशी. बसप्पाला आरडाओरडा रोजचाच. मंगळ म्हटलं की कडी निघते, एवढं मला माहीत होतं."

"भ्याली नाहीस?"

"गाताना श्वास सांभाळायचा असतो गं. भीती नंतर आली. ती राहिलीच."

आता नातवानं मॉलमध्ये नेलं की मीही त्याला आधी दुसरं दार विचारते. तो हसतो. हसू दे.

शेवटी दवाखान्यात तिच्या खाटेशी मी होते. डोळे उघडत नव्हते, तरी तिनं विचारलं, "दुसरं दार?" मी म्हटलं, "तुझ्या उशाशी आहे, उघडं आहे." खरोखरच होतं. सकाळी ती गेली.

त्या दुपारी बायकांच्या बाजूला बसलेल्या सगळ्या वाचल्या. माझी आई वाचली, मी वाचले. पहिल्या रांगेत कंपनीच्या मालकाची बायको बसली होती, दोन मुलींना घेऊन. त्या तिघीही वाचल्या.