डार्लीनची नारिंगी शेपटी

मी शिकवत होते तेव्हापासून डार्लीन बोयचुकला ओळखते. आमच्या शाळेचं ऑफिस ती सांभाळायची. कानाला फोन, समोर नाकातून रक्त येणारं पोर, दाराशी भांडायला आलेली आई, आणि या सगळ्यात बाई खूश. टेबल मात्र उकिरडा. एकदा तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, लोण्याशेजारी.

मग तिला बढती मिळाली. शाळा मंडळाची मुख्य कचेरी, शांत खोली, एक स्क्रीन, दिवसभर हजेरीचे आकडे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला तेव्हाच पटलं नव्हतं. आकडे चुकायचे, म्हणून ती रविवारी गुपचूप तेच काम पुन्हा करायची. असं वर्षानुवर्षं केल्यावर माणूस नुसता थकत नाही, संपतो.

जानेवारीत एका सकाळी, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवतात ती वायर न काढताच ती गाडी घेऊन निघाली. कॅनडातल्या आमच्या या गोठलेल्या विनिपेगमध्ये हे कधी ना कधी प्रत्येकाकडून होतं. तिच्याकडून दर आठवड्याला. कचेरीच्या आवारात नारिंगी वायर शेपटीसारखी फरफटत आली. खिडकीतले लोक हसले. डार्लीन गाडीतून उतरलीच नाही. मला फोन केला, मी जाऊन तिला घरी आणलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणारी मेंदूची जन्मजात ठेवण. पन्नाशी उलटल्यावर! तोवर सगळ्यांनी तिला वेंधळी आणि आळशी ठरवलं होतं. आळशी म्हणे. रविवारीसुद्धा राबणारी बाई!

डॉक्टरांनी दिलेली रजा संपल्यावर कचेरीतल्या साहेबांना भेटायला तिने मला सोबत नेलं. गॉर्डन फ्रीझन सभ्य माणूस, अगदी चीड यावी इतका सभ्य.

"डार्लीन, फोनवर अलार्म लावत जा. आणि टीमला एकदा सॉरी म्हणून टाका, म्हणजे सगळ्यांनाच मोकळं वाटेल."

"गॉर्डन, पहिलीपासून सॉरीच म्हणत आलेय. आता शिल्लक नाही."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"शाळेचं ऑफिस. परत."

"अहो, ती खालची जागा! लोक काय म्हणतील?"

"वेंधळी म्हणतील. ते तर त्यांचं तोंडपाठ आहे."

गॉर्डनने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

"एकच जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "उत्तरेकडच्या शाळेत. पण तिथे कुणी टिकत नाही. दिवसभर नुसता गोंधळ."

डार्लीन खुर्चीत पुढे सरकली. "गोंधळ? मग हे आधी नाही का सांगायचं?"

ती रुजू झाली त्या दिवशी दुपारी मी फोन केला. मागे घंटा, रडारड, कुणीतरी दार बडवत होतं.

"काय गं, कसं चाललंय?"

"आयरीन, इथे एकाचा दात पडलाय आणि बुटांचा ढीग आहे, त्यात डावा एकही नाही. तुझ्यासाठी वेळ नाही."

"आणि वायर?"

"आणली की, फरफटत! पोरांनी टाळ्या वाजवल्या."

आणि बाईने फोन आपटला.