गोफणीचा दगड आणि सासूबाईंची घागर

पुणे जिल्ह्यात गुरुत्वाकर्षणाशी हुज्जत घालणारा एकच माणूस होऊन गेला, आणि माझं नशीब असं थोर की मी त्याच्याच घरात सून म्हणून पडले. माझे सासरे कुणाशीही वाद घालत: एसटीच्या कंडक्टरशी, ग्रामसेवकाशी, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईशी. तिला ऐकू जात नाही, ही त्यांच्या लेखी तिची अडचण होती. पण हे सगळे किरकोळ वाद. मुख्य वाद सासूबाईंशी, आणि तो लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चालू होता.

प्रकरण असं. बाजरी दाण्यात आलेली, मामंजी शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकतायत, आणि तेव्हा नव्या नवरी असलेल्या सासूबाई विहिरीवरून मातीची घागर डोक्यावर घेऊन बांधाने येतायत. कुठूनसा दगड आला आणि घागर फुटली. सासूबाई भिजल्या, बाकी इजा काही नाही. "दगड ह्यांचाच," हे त्या तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हसत हसत सांगत आल्या. मामंजींना ते भयंकर झोंबायचं, कारण पंचक्रोशीत त्यांच्या नेमाचा दबदबा होता. "मी पाखरावर मारल्याला दगड घागरीवर जाईलच कसा? त्यो चुलतभावाच्या माळ्यावरनं आला." चुलतभाऊ केव्हाच वारले होते, त्यामुळे मामला पुढे सरकत नव्हता.

दोन हजार सालानंतर ओतूरला एसटी स्टँडजवळ मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. एकदा माझा विसरलेला डबा द्यायला मामंजी आले, तेव्हा पडद्यावर एक चेंडू खोलीभर उड्या मारत होता. वर-खाली, डावी-उजवीकडे आणि मागे-पुढेसुद्धा. मामंजींनी विचारलं, "ह्यात गोफणीचा दगड टाकता येतो का?" मी हो म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी ते धुवट धोतर-टोपीत पहिल्या बाकावर हजर.

आता पंचाईत अशी की घरात मी त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नव्हते. मी पदर घेऊन उभी राहिले. मॅडम उभ्या म्हणून मामंजी उभे. आम्ही दोघं उभे म्हणून सगळा वर्ग उभा. शेवटी त्यांनीच निकाल दिला, "उंबऱ्याच्या आत तुमी मॅडम अन् मी इद्यार्थी. भाईर गेल्यावर पुन्हा जसं हाय तसं." तेव्हापासून ते शंका विचारायला हात वर करत आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या आमटीला नावं ठेवत.

शंका म्हणजे काय, विचारू नका. गुरुत्वाकर्षणाचा आकडा उणे लिहायचा म्हटल्यावर म्हणाले, "उणं कशापायी? खाली पडणं ह्यो काय तोटा हाय का?" मग पहिला दगड सोडला. तो वर गेला, खाली आला, आणि शेत, विहीर, सगळं मागे टाकून पाताळात निघून गेला. प्रोग्राममध्ये जमीन लिहिलेलीच नव्हती. "जमीन बी सांगायला लागती व्हय?" सात पिढ्यांचा शेतकरी चकित होऊन म्हणाला. "ती असतीच की राव." नंतर त्यांनी जमीन लिहिली, पण बांध चुलतभावाच्या हद्दीत हातभर सरकवून. मी दाखवल्यावर नाइलाजाने मागे घेतला. सासूबाई म्हणजे एक उभा हिरवा दंडगोल, वर घागरीचा तांबडा गोळा ठेवलेला. तो दंडगोल विहिरीपासून बांधाने चालत येई. वारा कुठून होता यावर तर गावातल्या चार म्हाताऱ्यांची साक्ष काढली गेली.

एका दुपारी त्यांनी सासूबाईंनाच क्लासात आणून बसवलं. दगड सुटला, घागरीपाशी आला आणि पलीकडे निघून गेला. घागर शाबूत. "बघ," मामंजी म्हणाले, "सुटलो."

सासूबाईंनी पडद्यावरच्या शाबूत घागरीला बोट लावलं. मग हळूच म्हणाल्या, "तवा थोरल्यांपुढं आपल्याला बोलायची सोय नव्हती. मला वाटायचं, दगड मारून तुमी हाक मारली." आणि पिशवी उचलून त्या स्टँडवर गेल्या. घरी पाहुणे आले तरी घागरीचा विषय निघेना. खरं सांगते, मला इतकं वाईट वाटलं की तो कॉम्प्युटर विहिरीत टाकावासा वाटला.

चार दिवस मामंजी तोच दगड पुन्हा पुन्हा सोडून बघत होते. मग त्यांनी वर्गात हात वर केला. "मॅडम, दगड घागरीच्या अल्याड दिसतो, मग एकदम पल्याड. मधी कुठं व्हता?"

मी सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये दगड सलग उडत नाही. वेळेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला तो कुठे पोचला, एवढंच आपण बघतो. तुम्हाला घाई, म्हणून तुम्ही तुकडे मोठे घेतलेत. दगड घागरीतून गेला असला, तरी त्या वेळी कुणी बघितलंच नाही.

मामंजी गप्प बसले असते तर जन्मभराचा नेम शाबूत राहिला असता. पण वादातसुद्धा लबाडी चालायची नाही त्यांना. बांधाचं सोडा. त्यांनी तुकडा बारीक केला. दगड मुंगीच्या पावलाने निघाला, आला, आला, आणि घागरीला बरोबर मधोमध लागला. मामंजी म्हणाले, "हात्तिच्या."

घरी गेल्यावर ते चुलीपुढे उभे राहिले. "घागर माझ्याच दगडानं फुटली," म्हणाले. सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली. मामंजींनी टोपी नीट केली. "आन् नेम चुकला नव्हता. धरूनच मारला व्हता."

"मग इतकी वर्सं मी काय सांगतीया?" सासूबाई म्हणाल्या आणि लगबगीने भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसापासून गोष्टीच्या शेवटी "कॉम्प्युटरनं बी सांगितलंय" एवढी भर पडली.

सासूबाई गेल्या त्या वर्षी मामंजी रोज क्लासात यायचे. एकदा मी मागून बघितलं. हिरवा दंडगोल तांबडी घागर घेऊन बांधाने चालला होता. बांध संपला की पुन्हा विहिरीपासून निघत होता. दगड कुठेच नव्हता.

"मामंजी, दगड?"

"काढला," ते म्हणाले. "जाऊ दे तिला पाणी घेऊन."

क्लास सुटला, पोरं गेली. मी पदर डोक्यावर घेतला आणि ते आपणहून उठेपर्यंत दाराशी उभी राहिले.