उपाशी टब

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. थंडी वाढली. नळाला पाणी उशिरा आलं. योगिनीचा उपाशी टब बिघडला.

योगिनी माझी भाडेकरू, चांदवडच्या कांदेवाल्या घरातली. ती पाणपिसवांवर प्रबंध लिहिते. पाणपिसू म्हणजे धरणाच्या पाण्यात उड्या मारत फिरणारा, मोहरीएवढा जीव. गच्चीवर तिचे दोन टब होते. एकात ती यीस्टचं पाणी घालायची, दुसऱ्यात काहीच नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर ते कुठवर तग धरतात, हे तिला पाहायचं होतं. प्रबंध मार्चमध्ये द्यायचा. मुदत आधीच वाढवून घेतलेली.

तिनं मला एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. काचेसारख्या अंगात सोनेरी थेंब, वरणावरच्या तुपासारखे. "खाणं कमी पडलं ना आजी, की आई अंडी थोडीच घालते, पण एकेकात चरबी जास्त भरते."

खालच्या लताबाई दर शनिवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. काल त्यांना रिक्षा मिळाली नाही. त्यांनी गच्चीवर येऊन गोळ्या उपाशी टबात सोडल्या. सकाळी पाणी आंबलेलं, पिसवा तळाशी.

"मुक्या जीवांना उपाशी ठेवतेस! झोप कशी लागते गं तुला?"

"मावशी, माझ्या उपासानं नाही, तुमच्या पुण्यानं मेले ते."

लताबाईंचे यजमान रंगनाथराव सोसायटीचे सेक्रेटरी. ते वर आले. "बरंच झालं. डास होतात. दुसराही संध्याकाळपर्यंत उचल, नाहीतर मी ओतून देईन."

"जाळी लावलीय, काका. एक डास दाखवा, मीच ओतते."

"गच्ची सोसायटीची आहे."

"आणि स्वयंपाकघर माझं," मी म्हटलं. "आम्ही तिथे मांडू. तिथे यायचं तर बेल वाजवून या."

दोघींनी खाऊनपिऊन असलेला टब खाली आणला. त्यातल्याच काही पिसवा घेऊन उपासाचा टब नव्यानं लावायचा होता. मी कौतुकानं सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ काढलं.

"आजी, तांब्यानं एकही जगणार नाही!" दिवसभरात ती पहिल्यांदा हसली.

"मार्चपर्यंत होईल?"

"नाही झालं तर पुन्हा मुदत मागीन. देणार नाहीत, तरी मागीन. सोडणार नाही."

रात्री लिहून ठेवलं: तांदळाची प्लास्टिकची कोठी योगिनीला दिली. तांदूळ घंगाळात भरले.