फांटी की फाती

माझ्या बहिणीने मला फसवलं. सख्ख्या, थोरल्या बहिणीने, आमच्या आईच्या गुलाबावरून. आणि तिचा नवरा बाजूला उभा राहून हसला.

हे मी डिचोलीच्या बाजारात कोणाला सांगितलेलं नाही. तिथे मी फसत नाही अशी माझी ख्याती आहे. मी दुसऱ्यांची कौलं डोक्यावरून वाहिली, मग स्वतःचं कौलांचं दुकान घातलं. ते उभं राहिलं लोकांचे शब्द पकडून. समोरचा 'बघू' म्हणाला तर त्याच्या तोंडून 'देतो' वदवून घेतल्याशिवाय मी चहा मागवत नाही. बहिणीच्या बाबतीत तेवढं केलं नाही. ती बसमध्ये बसली होती आणि बस सुटत होती.

गुलाब आईने माहेराहून आणलेला. फिकट गुलाबी, बारीक फुलांचा, झुबक्याने फुलणारा. आई होती तोवर न्हाणीच्या पाण्यावर तो वाढला. ती गेल्यावर दोन-तीन वर्षांत त्याची रया गेली. आमचं घर आणि दुकान रस्त्याला लागून. खाणीचे ट्रक दिवसभर जायचे, काही दुकानाशी थांबायचे, आणि तांबडी धूळ पानापानावर बसायची. बायको सकाळी ओल्या फडक्याने पानं पुसायची, दुपारी ती परत तांबडी. शेवटी काट्यांच्या चार काठ्या उरल्या आणि शेंड्याला थोडी पानं.

गणेश चवथीला बहीण सासरहून, पेडण्याकडच्या पार्शाहून, माहेरपणाला आली. जाताना म्हणाली, "भाऊ, हें झाड हांगा जगाचा नाय. माका दी. पार्शाक माती बरी आसा."

मी तयार झालो, पण फुकट नाही. झाड तिच्याकडे जाईल, पण दर पावसाळ्यात त्याची एक फांटी मला यायला हवी. फांटी म्हणजे फांदी. ती खोचून मी घराच्या मागच्या बाजूला, रस्त्यापासून लांब, दुसरं झाड करणार होतो. गोणपाटात गुंडाळलेला गुलाब मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली होती. कंडक्टर पेडण्याच्या नावाने ओरडत होता. मी खिडकीतून ओरडलो, "दर वर्साक एक फांटी म्हजी!"

"दिली मरे, दिली!" ती म्हणाली आणि बस गेली.

ते दिवस गोव्यात भाषेच्या भांडणाचे होते, राजभाषा मराठी की कोकणी. मी मराठीच्या बाजूने, भावोजी कोकणीच्या. तिच्या घरी एका जेवणात आम्ही दोघांनी असा आवाज चढवला की वाढलेलं ताट मी तसंच सोडून उठलो. पुढे पार्शाला जाणं बंद. बहिणीचा निरोप तेवढा बसच्या ड्रायव्हरबरोबर यायचा.

त्या ड्रायव्हरबरोबरच पुढच्या चवथीला केळीच्या पानाचा पुडा आला. आत अबोलीची फाती, म्हणजे केसांत माळायचा गजरा, आणि मधेमधे आईच्या गुलाबाची फुलं ओवलेली. झाड जगलं होतं! बायकोने फाती माळली, घरभर तो ओळखीचा वास झाला. मला वाटलं, ही वरची भेट. फांटी मागाहून येईल. झाड अजून अशक्त असेल, म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी परत फाती. त्याच्या पुढच्या वर्षीही फातीच.

मग गोवा राज्य झालं, फटाके वाजले, माणसं दमून आपापल्या कामाला लागली. मीही दमलो होतो. राग गिळून पार्शाला गेलो. गोठ्याच्या कुडाला टेकून गुलाब माझ्या डोक्याइतका उंच वाढला होता. हात लावून पाहिला.

मग विचारलं, "बाय, माझी फांटी खंय?"

"धाडतंय मरे दर वर्साक!"

"ती फाती! मी फांटी म्हटलं होतं. लावायला!"

"माका फाती आयकूक इली. बस कितको आवाज करी होती."

भावोजी पायरीवर विडी ओढत बसले होते. त्यांना ही संधी देवानेच दिली. "मेवण्या, रातदीस मराठी मराठी म्हणून बोंब मारतालो तू. मग मराठींत 'फांदी' म्हणपाक कितें जाल्लें?"

ते हसले. बहीणही पदर तोंडाला लावून हसली. माझं डोकं फिरलं. गोठ्याच्या कुडात खोचलेला कोयता मी उपसला आणि गुलाबाकडे वळलो. तशी बहीण आडवी आली. आता हसत नव्हती.

"हात लाव नुको. तुझ्या दारार ट्रकां उबी रवतत. थंय मराक धाडू तेका? आवयचो येकूच गुलाब आसा."

मी कोयता टाकला आणि मिळेल त्या बसने परत आलो.

फाती अजून येते. बायको म्हणते, फुलं येतात ती तरी गोड मानून घ्या. ती माळते, मी वास घेतो आणि दुकानात जाऊन बसतो. भांडायचं बळ आता राहिलं नाही. पण एक गोष्ट मी दर वर्षी पाहतो. पुडा उघडला की आधी फुलांचे देठ तपासतो. अबोलीबरोबर ओवायला थोडा देठ पुरतो हे मान्य. पण ही फुलं अगदी मानेशी खुडलेली असतात. मातीत खोचावं एवढाही देठ चुकून कधी आला नाही, एकदाही नाही. ज्या बाईला फक्त फाती ऐकू आली, तिला देठाची एवढी काळजी कशाला?

बाय, हे छापून आलं तर भावोजी तुला वाचून दाखवतील. कोकणीवाले असले तरी वर्तमानपत्र ते मराठीच वाचतात. माती तुझी चांगली, माझ्या दारात धूळ, सगळं कबूल. पण आई दोघांची होती. त्या दिवशी बसच्या खिडकीत तुला काय ऐकू आलं, फाती की फांटी? ड्रायव्हरबरोबर पुडा नको. स्वतः ये, माझ्या दारात उभी राहा आणि सांग.